सरकारी नोकर आणि गुणवेतन



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आजवर पंडित बोलले, प्राध्यापक बोलले. मी त्यांच्यापैकी नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली, शिपायाची नोकरी लागली, आणि पुढची तीस वर्षे कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेत गेली. जे काही वाचले ते गावच्या वाचनालयात आणि संपाच्या मांडवात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे वाचले आणि जे पाहिले ते ताडून आपल्यापुढे मांडावे, एवढाच उद्देश आहे.

विषय असा, की सरकारी नोकराला त्याच्या कामगिरीप्रमाणे पगार द्यावा काय? जो अधिक काम करील त्याला अधिक, जो कमी करील त्याला कमी. ऐकताना हे इतके रास्त वाटते, की याला विरोध करणारा माणूस कामचुकारांचा वकील असला पाहिजे अशी श्रोत्यांची समजूत होते. त्यातून तो युनियनवाला असेल तर बोलावयासच नको!

म्हणून आधी आपली तक्रार मीच मांडतो. आपण दाखल्यासाठी कचेरीत जाता. टेबल रिकामे असते. साहेब मीटिंगला गेलेले असतात. उद्या या, असे सांगितले जाते. उद्या गेलात तर एक कागद कमी पडतो, आणि तो कागद लागतो हे काल कोणी सांगितलेले नसते. मनात येते, की या माणसाला पहिल्या तारखेला पूर्ण पगार, वर्षाला वेतनवाढ, वर महागाई भत्ता. आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक आले नाही तर मला चहासुद्धा महाग. हा राग खरा आहे, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यासारख्यावर आहे. ती टाळून पुढे जाण्याचा माझा विचार नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. पगार, बोनस आणि गुणवेतन या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पगार हा ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. बोनसचा इतिहास आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांतून आला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीनंतर काही वर्षे गिरणीमालक वार्षिक बोनस देत असत. १९२३ चा बोनस त्यांनी नाकारला, आणि १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. चौकशी समितीने निर्णय दिला, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. हा हक्क कायद्यात यावयास १९६५ साल उजाडले. बोनस कायद्याने आधी चार टक्के किमान बोनस ठरविला, पुढे तो ८.३३ टक्के झाला. ८.३३ हा आकडा चमत्कारिक वाटतो. परंतु शंभराला बाराने भागून पाहा, तो एका महिन्याचा पगार निघतो. मात्र या कायद्याने सरकारी खात्यांतील आणि नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांतील नोकरांना वगळले होते. सरकारी खात्यांपैकी रेल्वेला १९७९-८० पासून 'उत्पादकतेशी निगडित बोनस' मिळू लागला.

या रेल्वे बोनसकडे जरा लक्ष द्या. अनेक वर्षे तो ७८ दिवसांचा आहे. हिशेबाला महिना सात हजार रुपये कमाल धरतात, म्हणून जास्तीत जास्त १७,९५१ रुपये हातात पडतात. २०२० साली महामारीत प्रवासी गाड्या बंद पडल्या, तरी त्या वर्षाचा बोनसही ७८ दिवसांचाच होता. तो दिला हे योग्यच झाले. त्या काळात मालगाड्या चालविणाऱ्या माणसांनी जिवावर उदार होऊन काम केले. परंतु ज्या वस्तूचे नाव 'उत्पादकतेशी निगडित' आहे, ती उत्पादन वाढले-घटले तरी तसूभर हलत नाही. याचा अर्थ ती दसऱ्याच्या सुमारास मिळणारी पगाराचीच राहिलेली रक्कम होय. सर्वांना सारखी मिळते, म्हणून कोणाचा कोणाशी तंटा नाही.

गुणवेतन हा प्रकार निराळा. त्यात साहेबाने वर्षाअखेर प्रत्येकाचे माप घ्यावयाचे आणि त्या मापावर पैसा कमी-जास्त करावयाचा. हा विचार आपल्याकडे वारंवार आला आहे. १९८६ साली चौथ्या वेतन आयोगाने चांगल्या कामाला बदलत्या वेतनवाढीची शिफारस केली. १९९७ साली पाचव्याने कामगिरीशी जोडलेल्या वेतनवाढीचा आग्रह धरला. २००८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने कामगिरीनुसार प्रोत्साहन योजना सुचविली. २०१५ साली न्यायमूर्ती माथूर यांच्या सातव्या आयोगाने सर्व श्रेणींसाठी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. चार आयोग, तीस वर्षे. आणि सर्वसाधारण सरकारी कचेरीत ती योजना काही आली नाही. आता न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग २०२५ साली नेमला गेला आहे. हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहणार, म्हणून आजच त्याचा विचार केलेला बरा.

कामगिरीवर पैसा ही कल्पना नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. या महाराष्ट्राने ती भोगलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत परगण्यांचा वसूल मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली. जो अधिक रकमेची बोली करील त्याला मामलत. मामलेदाराची प्राप्ती वसुलीवर, मग त्याने वसुली वाढविली यात नवल काय? त्याने खालच्याला पोटमक्ता दिला, खालच्याने गावाला पिळले. पुढच्या वर्षी मामलत आपल्याकडे राहीलच याची शाश्वती नव्हती, तेव्हा विहिरीची डागडुजी आणि पडीक जमिनीची लागवड कोण पाहणार? एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. महसूल वाढला होता. मोजपट्टीप्रमाणे कामगिरी उत्तम होती. गावे मात्र ओस पडत होती, आणि ती गोष्ट कोणी मोजत नव्हते.

दुसरे उदाहरण शाळांचे. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी नियम केला, की शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेतील निकाल यांवर अवलंबून राहील. मास्तरांनी काय केले? परीक्षकापुढे जी ओळ वाचावयाची ती मुलांकडून घोकून घेतली. इतिहास, भूगोल मागे पडले, कारण त्यांना दर नव्हता. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळातपासनीस होते; त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. ती इंग्लंडात शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालावर अनुदान देत असत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धत सोडून द्यावी लागली.

आता अलीकडे येऊ. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांच्या वेळी १९७८ साली मुलकी नोकरीच्या सुधारणेचा कायदा झाला आणि मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांना गुणवेतन लागू झाले. १९८४ साली त्या योजनेच्या जागी दुसरी आणली. तीही १९९३ साली बंद केली. मधे १९९१ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सारा पुरावा तपासला. गुणवेतनाने सरकारी काम सुधारते असा ठाम पुरावा तिच्या हाती लागला नाही. इंग्लंडच्या प्राप्तिकर खात्यात गुणवेतन आल्यावर लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेतील दोन अभ्यासकांनी कर्मचाऱ्यांनाच विचारले. तत्त्व बहुतेकांना मान्य होते. त्यामुळे आपल्याला हुरूप आला, असे सांगणारे थोडे निघाले. आपसांत असूया वाढली, असे सांगणारे पुष्कळ निघाले.

आणि २०१४ सालची ती गोष्ट आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत. रुग्णाला चौदा दिवसांत डॉक्टर भेटला पाहिजे असे लक्ष्य ठरविले, आणि अधिकाऱ्यांचे मूल्यमापन व बक्षिसी त्या लक्ष्याशी जोडली. फिनिक्स शहरातील रुग्णालयात प्रतीक्षायादी दोन प्रकारची निघाली: एक वर पाठविण्याची, एक लपविलेली. कागदावर प्रतीक्षा कमी झाली. म्हातारे सैनिक महिनोन्‌महिने ताटकळत राहिले. त्या प्रकरणात खात्याच्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. तेथे काही सर्वच माणसे लबाड नव्हती. परंतु ज्या आकड्यावर पैसा टांगला जातो, तो आकडा सुधारण्याचा सोपा मार्ग आणि काम सुधारण्याचा अवघड मार्ग असे दोन रस्ते समोर आले, की गर्दी कोणत्या रस्त्याला होणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

एवढ्यावर मी थांबलो तर आपण म्हणाल, याने आपल्या सोयीचीच उदाहरणे निवडली. म्हणून दुसरी बाजूही ऐका. आंध्र प्रदेशात २००५ पासून ग्रामीण प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना बोनस दिला. सरासरीने तो वर्षाच्या पगाराच्या तीन टक्के होता. दोन वर्षांनी त्या शाळांतील मुले गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या स्पष्ट पुढे होती. ज्या विषयांना बोनस नव्हता त्यांतही ती मागे पडली नाहीत. पहिल्या वर्षी साऱ्या शाळेला मिळून दिलेला बोनस आणि एकेका शिक्षकाला दिलेला बोनस सारखेच ठरले, दुसऱ्या वर्षी मात्र एकेकाला दिलेला वरचढ ठरला. हे मला सोयीचे नाही. पण आहे ते असे आहे. मात्र तेथे परीक्षा घेणारे शाळेबाहेरचे होते, आणि सुरुवातीला मूल जेथे असेल तेथून त्याची प्रगती मोजली जात होती. मुख्याध्यापकाच्या मर्जीचा त्यात संबंध नव्हता.

पाकिस्तानी पंजाबात मालमत्ता कर गोळा करणाऱ्यांना वसुलीवर मोठा मोबदला देऊन पाहिले. वसुली वाढली. परंतु ती थोड्या मालमत्तांची खरी आकारणी झाल्यामुळे वाढली. बाकीच्या बहुसंख्य मालकांचा कर तेवढाच राहिला, आणि लाच मात्र वाढल्याचे त्यांनीच सांगितले. कारण आता गप्प बसण्याची किंमत वाढली होती! राजस्थानात उदेपूर जिल्ह्यात आरोग्य केंद्रांतील परिचारिकांच्या हजेरीवर पगार जोडला. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी सुधारली. मग वरच्या कार्यालयाने 'सूट दिलेले दिवस' वाढवीत नेले, आणि सव्वा वर्षाने काही फरक उरला नाही.

या सर्वांतून मी जे शिकलो ते असे. ज्या कामाचे फळ मोजता येते, ज्याचे फळ त्या एका माणसाच्या हातात आहे, आणि ज्याचा मापाडी बाहेरचा व निःपक्षपाती आहे, तेथे पैशाचे प्रोत्साहन काही काळ काम करते. यांपैकी एक गोष्ट सुटली की ते उलटते. आमच्या इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार पिकाच्या हिशेबाने मीटरवर मजुरी घेतो. कापड डोळ्यांसमोर असते, मोजता येते. आणि तेथेही वीज गेली किंवा सूत खराब आले तर मजुरी कोणाची बुडते, यावर भांडणे होतातच. मग कचेरीतल्या कामाचे काय?

नगरपालिकेत दाखल्याच्या खिडकीवर दोन कारकून आहेत असे समजा. एकाकडे अलीकडच्या जन्मनोंदी येतात. बटण दाबले की दाखला बाहेर. दुसऱ्याकडे येते एखादी विधवा. नवऱ्याच्या नावात जुन्या दप्तरात काना-मात्रा चुकलेली आहे, रजिस्टरचे पान फाटले आहे, आणि त्या दाखल्यावाचून तिचे निवृत्तिवेतन अडले आहे. या कारकुनाने दिवसभर जुनी दप्तरे उपसून एक दाखला दिला, आणि पहिल्याने साठ दिले. कामगिरी कोणाची मोठी? दाखले मोजून पैसे द्यावयाचे ठरले, तर पुढच्या महिन्यात त्या बाईचा अर्ज ढिगाच्या तळाशी जाईल. आज कारकून तिला हाकलतो ते आळसाने. उद्या हाकलील ते हिशेबाने, आणि मग त्याला आळशी म्हणण्याचीसुद्धा सोय राहणार नाही.

शिवाय एक कागद एका हाताने निघत नाही. बारनिशीत नोंद होते, कारकून टिपणी लिहितो, अव्वल कारकून तपासतो, साहेब सही करतो. बारनिशीवाल्याने आज नोंद केली तर पुढचे सारे हलते. बक्षीस मिळते ते सहीजवळ बसलेल्याला. मी ज्यांच्यात काम केले अशा एका कचेरीत उत्कृष्ट कर्मचाऱ्याला दरवर्षी रोख पारितोषिक असे. पहिली तीन वर्षे ते साहेबांच्या खोलीलगतच्या टेबलांनाच मिळाले. मग कुरबूर झाली, आणि साहेबांनी शहाणपणाने पाळी लावून दिली. पुढे कोणाला केव्हा उत्कृष्ट व्हावयाचे आहे ते सर्वांना आधीच ठाऊक असे.

मापाड्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. सीमा सडक संघटनेतील एका कार्यकारी अभियंत्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बढतीसाठी पाचही वर्षांचा शेरा 'अतिशय चांगला' हवा होता. त्याच्या एका वर्षाच्या गोपनीय अहवालात नुसता 'चांगला' असा शेरा होता. तो त्याला कधी कळविलाच नव्हता, कारण चांगला शेरा काय कळवायचा! त्या एका शब्दावर त्याची बढती गेली. २००८ साली न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे. म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. विचार करा: देशाच्या स्वातंत्र्याला साठ वर्षे झाली तरी माणसाला आपल्याविषयी काय लिहिले आहे हे कळण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. सातव्या आयोगानंतर ठराविक वर्षांनी मिळणाऱ्या पदोन्नतीच्या लाभासाठीही केंद्राने 'चांगला' ऐवजी 'अतिशय चांगला' ही कसोटी लावली आहे. ज्या लेखणीने हे शेरे लिहिले जातात, तिच्याच हाती दर महिन्याचा पगार द्यावा काय? साहेबाने सांगितलेल्या बेकायदा टिपणीवर 'नियमात बसत नाही' असे लिहिणारा कारकून मग किती दिवस लिहील? त्या वेळी नुकसान कारकुनाचे होते तसे आपलेही होते. कारण जनतेच्या वतीने नाही म्हणणारा तो शेवटचा माणूस असतो.

आणि कामावर पैसे ही पद्धत सरकारात आजही चालू आहे, ती सर्वांत तळाशी. आशा सेविका २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आल्या. त्यांना नोकर म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले, आणि कामागणिक मोबदला ठरविला: बाळंतपणाला रुग्णालयात नेले की इतके, लसीकरण पूर्ण झाले की इतके. पुढे ठराविक मासिक रकमेची भर पडली, तीही मोर्चे आणि संप करून. रात्री दोन वाजता दार ठोठावले म्हणून उठून जाण्याला, घाबरलेल्या सासूची समजूत घालण्याला यादीत दर कोठे आहे? तरी त्या जातात. गुणवेतनाचा आग्रह धरणाऱ्यांनी हे पाहावे, की ज्यांचा पगार पूर्णपणे कामगिरीवर ठेवला त्या बायका गेली वीस वर्षे एकच मागणी करीत आहेत: आम्हाला ठरलेला पगार द्या.

मग आपल्या रागाचे काय? कामचुकाराला मोकळे सोडावयाचे काय? मुळीच नाही. त्यासाठी कायदे आहेत. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या सभागृहात किती जणांनी असे अपील केले आहे? हात वर करावयास सांगत नाही. पण मुदतीचा फलक कचेरीत लागला आहे काय, एवढे उद्या पाहून या.

माझ्या मागण्या थोडक्यात सांगतो. रिकामी पदे भरा. तीन टेबलांचे काम करणाऱ्याचे गुणमापन करणे ही त्याची थट्टा आहे. प्रत्येक शेरा कारणासह, वेळेवर कळवा आणि दाद मागण्याची जागा साहेबाबाहेर ठेवा. बक्षीस द्यावयाचेच असेल तर साऱ्या कचेरीला द्या, नागरिकांना आधी जाहीर केलेल्या कसोटीवर द्या, आणि त्याचे माप बाहेरच्यांकडून घ्या. आंध्रच्या शाळांनी एकेकाला दिलेला बोनसही चालतो असे दाखविले आहे. पण मूल एका शिक्षकासमोर बसते, आणि कागद चार टेबलांवरून जातो, म्हणून कचेरीत मी सामुदायिक बक्षिसाच्या बाजूचा आहे.

आणि शेवटची मागणी सरकारकडे नाही, ती आमच्या संघटनांकडे आहे. जो कर्मचारी काम करीत नाही, लोकांना छळतो, पैसे खातो, त्याच्या बचावासाठी संघटनेचे पत्र निघता कामा नये. चौकशीत त्याला न्याय मिळावा हे पाहणे आमचे कर्तव्य आहे. तो सुटावा हे पाहणे आमचे कर्तव्य नव्हे. ही रेघ आम्ही स्वतः ओढली नाही, तर ती दुसरा कोणी ओढील आणि प्रामाणिक माणसांच्या पगारावरून ओढील. ही गोष्ट मी आमच्या सभांतून बोलतो तेव्हा टाळ्या कमी पडतात. तरी बोलत राहणे भाग आहे.

आठव्या आयोगाचा अहवाल येईल तेव्हा वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येईल, की आता काम तसा दाम. त्या दिवशी आपण एवढेच विचारावे: काम कोण मोजणार, कशाने मोजणार, आणि फाटक्या पानाचा दाखला मागणाऱ्या त्या बाईचे काम त्या मापात कोठे बसणार? याचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर माझाही विरोध राहणार नाही.